गप्प बसणारं यंत्र आणि हमीदचाचा

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं याबद्दल आमच्या वाशीममध्ये दोन मतं आहेत. चौकातल्या बाकावर बसून सरकारचं काय चुकतंय ते सांगावं, हे एक. सोयाबीनच्या वावरात जाऊन मुलाच्या कामात नाक खुपसावं, हे दुसरं. मला दोन्ही जमेना. सरकारची नोकरी करून पेन्शन खातो, तेव्हा त्याला शिव्या देताना जीभ अडखळते. आणि इंझोरीच्या आमच्या तुकड्यात मुलगा मला बांधावरूनच परत पाठवतो. म्हणून मी घराच्या पुढच्या खोलीत मोडीत निघालेले संगणक आणून मांडले आणि येईल त्याला लिनक्स शिकवायला बसलो. फी नाही. चहाही नाही, कारण चहा पाजला की लोक शिकत नाहीत, गप्पा मारतात.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, युनिक्सच्या घराण्यातली. तिच्यातही आता चित्रं आहेत, टिचक्या मारायची सोय आहे. पण मी ती पहिल्या दिवशी दाखवत नाही. मी काळा पडदा उघडून देतो. त्यावर एक खूण लुकलुकत असते. तिथं आज्ञा टंकायची, एंटर दाबायचं, आणि यंत्रानं ती पाळायची, इतकाच कारभार. शिकायला आलेला माणूस घाबरत घाबरत पहिली आज्ञा देतो आणि पडद्याकडे बघत बसतो. पडदा ढिम्म. मग तो माझ्याकडे वळून हमखास तेच वाक्य म्हणतो, "सर, हे तर काही बोलूनच नाही राह्यलं."

या वाक्यासाठीच मी शिकवतो म्हटलं तरी चालेल. मी त्याला सांगतो, बाबा, हे जुन्या वळणाचं यंत्र आहे. आपल्याकडचे जुने वडील कसे असायचे? पोरगा पास झाला तर गप्प, नापास झाला तर आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलणार. हेही तसंच. चुकलास तर लगेच सांगेल. गप्प बसलं म्हणजे काम झालं.

ऐकणारा हसतो, मान डोलावतो आणि पुढच्या मिनिटाला तीच आज्ञा पुन्हा देतो. मी रागवत नाही. का रागवत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी काही संगणकाचा इंजिनिअर नाही. मी तारबाबू. सत्तरच्या दशकात वाशीमच्या तार ऑफिसात लागलो. तेव्हा वाशीमचा जिल्हा झालेला नव्हता. अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, छोट्या रुळांवरून जाणारी गाडी आणि धूळ उडवणारी एसटी. आमच्या वस्तीतला मी पहिला पगारी माणूस. बा सालदारकी करायचे. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला आणि तेव्हापासून एकच धोशा लावला, पोरगं शिकलं पाहिजे. मी ऑफिसात लागलो तेव्हा ते इंझोरीहून मुद्दाम मला बघायला आले, खिडकीबाहेर उभे राहिले, आणि आत न येता परत गेले. संध्याकाळी घरी गेल्यावर म्हणाले, "खुर्ची चांगली हाय."

त्या ऑफिसात नव्या माणसाला पाणी कुणी विचारत नसे, आणि माझ्यासारख्याला तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी बाहेरच्या नळाकडे निघालो, तेव्हा मागून आवाज आला, "ओ बाबू, तिकडं कुठी चालला? अथी सुरई भरून ठेवली ना म्या." ते हमीदचाचा. ऑफिसातले सगळ्यांत जुने तारबाबू. त्यांनी स्वतःच्या सुरईतलं पाणी स्वतःच्या पेल्यात ओतून मला दिलं आणि पेला न विसळता त्यातच स्वतःही प्यायले. त्याबद्दल आमच्यात पुढे कधी शब्दही निघाला नाही, पण मी ते विसरलेलो नाही.

आता हे तारेचं काम काय होतं, ते नव्या वाचकांना सांगायला हवं. वाशीमहून अकोल्याला खांबांवरून एक तार गेलेली असायची. इकडे पितळेची एक कळ. ती बोटानं दाबली की तिकडे साउंडर नावाचं यंत्र कट्ट वाजायचं. लहान कट्ट, लांब कट्ट, त्यांच्या जोडणीतून अक्षर, अक्षरांतून शब्द. याला मोर्स म्हणत. ऐकणारा कट्ट कट्ट ऐकत सरळ मजकूर लिहून काढायचा. हमीदचाचांनी साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचून ठेवला होता, म्हणजे आवाज खणखणीत यावा. पान जुळवता जुळवता ते अकोल्याची तार ऐकायचे, आणि अर्धी तार झाल्यावर लेखणी उचलून पहिल्यापासून लिहायचे. मागे राहिलेलं सगळं डोक्यात असायचं.

या धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रत्येकाच्या बोटाची एक लय असते, जशी प्रत्येकाची चाल असते. कळ वाजली की चाचा सांगायचे, "आज तिकडं बर्वे बसून राह्यला. सर्दी झाली दिसते त्याले." कट्ट कट्टमधून सर्दी कशी कळते, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अकोल्याला विचारलं तर बर्वेला खरोखरच सर्दी झालेली असायची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि पुढची सगळी हकिकत तिच्यावर उभी आहे. मोर्सवर पलीकडचा माणूस उत्तर द्यायचा. एखादा शब्द निसटला तर मध्येच कळ दाबून थांबवायचा. तार संपली की 'पोचलं' म्हणून खूण द्यायचा. ती खूण ऐकल्याशिवाय चाचा पुढच्या तारेला हात लावत नसत. सगळी हयात त्यांनी अशीच काढली होती. एक शब्द सोडायचा आणि त्याच्या पोचण्याची वाट बघायची.

आणि मग आमच्याकडे टेलिप्रिंटर आला.

टेलिप्रिंटर म्हणजे टाइपरायटरसारखं दिसणारं, पण बैलासारखं जड धूड. आपण इथे अक्षर दाबायचं की ते इथल्या कागदाच्या फितीवर उमटायचं आणि त्याच वेळी अकोल्यातल्या यंत्राच्या फितीवरही. तिकडचा माणूस ती फीत फाडून, तिच्या मागचा डिंक ओला करून फॉर्मवर चिकटवणार. ऐकणं नाही, कट्ट कट्ट नाही. मी नागपूरला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आलो होतो, म्हणून आमच्या पाठकसाहेबांनी (ते आमचे तारमास्तर, म्हणजे ऑफिसचे प्रमुख) मला सांगितलं की आता तू चाचांना शिकव. विद्यार्थी पन्नाशी ओलांडलेला आणि मास्तराच्या ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली, अशी ती शाळा भरली.

दुपारी गर्दी ओसरली की आम्ही बसायचो. पहिले काही दिवस चाचांचं एकच बोट चालायचं, कळीवरचं. बाकीची बोटं पाहुण्यांसारखी बसून राहायची. शिवाय या यंत्रावर अक्षरांची एक कळ आणि आकड्यांची एक कळ वेगळी असे. आकडे टंकून झाल्यावर अक्षरांची कळ दाबायला विसरलं, की पुढचा सगळा मजकूर आकड्यांत आणि चिन्हांत उमटायचा. कारंज्याच्या एका गृहस्थानं सासुरवाडीला मुलगा झाल्याची तार केली, ती इतकी अगम्य पोचली की सासऱ्यांनी उलट तार केली, "हिशेब कळला नाही, प्रकृती कळवा." आजही माझ्याकडे येणारी मुलं मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत आज्ञा टंकतात आणि लिनक्स 'अशी आज्ञा नाही' म्हणतं, तेव्हा मला ते सासरे आठवतात. तुमच्या मनात काय होतं ते यंत्र बघत नाही, तुम्ही काय टंकलं तेवढंच बघतं. म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ एकदा वाचावी. टेलिप्रिंटरवर तेवढीही मुभा नव्हती. अक्षर दाबलं की ते अकोल्यात पोचलेलंच.

बोटांचं जमत गेलं. आकड्यांचंही जमलं. पण चाचांची एक खोड काही जाईना. ते तार पाठवायचे, फितीकडे बघायचे, थांबायचे. यंत्र गप्प. मग तीच तार नवा क्रमांक घालून पुन्हा पाठवायचे. कधी कधी तिसऱ्यांदाही. मी ओरडायचो, "चाचा, गेली ना ती!" ते मान हलवायचे, "हो बेटा, गेली." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यातूनच मेडशीच्या लग्नाचा घोळ झाला.

मेडशीचे तुकाराम घुगे मुलीच्या लग्नाच्या खरेदीला वाशीमला आले होते. जाता जाता त्यांनी अकोल्याच्या बँडवाल्याला तार केली की अमुक दिवशी मेडशीला वाजंत्री पाठवा. तार चाचांच्या हातात पडली आणि नेहमीप्रमाणे दोनदा गेली, दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी. बँडवाला विचारी माणूस होता. त्यानं ताडलं की एक तार मुलीकडची आणि एक मुलाकडची, दोन्ही पक्षांना आपापला बँड हवा आहे. त्यानं आपला बँड तर आणलाच, शिवाय साडूचाही आणला. मेडशीच्या एकाच मांडवात दोन बँड समोरासमोर उभे राहिले. एकानं एक गाणं धरलं की दुसरा दुसरंच धरायचा. नवरदेवाची घोडी दोन्ही गाण्यांच्या मध्ये सापडली आणि बिथरून तुरीच्या वावरात शिरली. नवरदेव वरच होता.

घुगे सोमवारी ऑफिसात आले. मला वाटलं, आता टेबल उलटतात. पण माणूस हसावं की चिडावं या कोड्यात पडलेला दिसत होता. "बाबू," ते म्हणाले, "म्या एक बँड सांगतला होता. तुमी दोन काहून धाडले?"

चाचा उठून उभे राहिले. "माह्या हातून झालं ते, पाटील. माफी द्या."

"माफीचं काय घेऊन बसले," घुगे म्हणाले, "लोकं तर खूश हाय. पण व्याही म्हनते, आमच्या पोराले वावरातून धरून आनलं, हे चांगलं नाई दिसलं. त्याईनंच अर्ज केला ना वरती."

अर्ज वरती गेला आणि वरून हुकूम खाली आला. मोर्सवर काम केलेल्या प्रत्येकानं टेलिप्रिंटरची परीक्षा द्यावी. साहेब येऊन समोर बसतील. पास झाला तो राहील. नापास झाला त्याची जिथे अजून मोर्स चालू आहे अशा ऑफिसात बदली होईल. आमच्यासाठी ती जागा होती पार चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, पलीकडची, जंगलातली. पाठकसाहेबांनी कागद वाचून दाखवला आणि चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. एवढंच म्हणाले, "इंगळे, हमीदमियाँ आता तुझ्याकडे."

मला तेव्हा वाटलं, गेले तर गेले, चाचांना मोर्स तर मिळेल. उलट त्यांच्या मनासारखं होईल. असं मी त्यांच्या घरी जाईपर्यंत समजत होतो.

चाचांचं घर स्टेशनकडच्या गल्लीत होतं. मी गेलो तेव्हा त्यांची मुलगी रेहाना ओसरीवर भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मॅट्रिकच्या वर्गात होती. वाशीममध्ये उर्दू माध्यमात मुलींना तिथवर शिकता येत होतं, आणि पुढे मास्तरीण व्हायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा ती हजेरी घेतल्यासारखी बोलायची. चाचींना दम्याचा त्रास. दोन गावांत दोन चुली पेटवणं त्या घराला झेपणारं नव्हतं. चाचा गेले असते तर सगळं घर गेलं असतं, आणि त्या जंगलातल्या गावात उर्दू शाळाच नव्हती.

चाचा आत पान आणायला गेले तेव्हा रेहाना हळूच म्हणाली, "भैया, अब्बा पास होतीन का?"

मी म्हटलं, "होतील की."

"खरं सांगा. बाळापूरच्या चाचानं स्थळ आनून ठेवलं. अम्मी म्हनते, शाळा हाय तोवर थांबू. शाळा सुटली तर मंग कायले थांबतीन?"

तिनं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं नद्यांची नावं पाठ करायला लागली, बापाला आत ऐकू जाईल अशी. त्या दिवशी पान खाताना माझी जीभ चुन्यानं पोळली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते चुन्यामुळेच, असं मी चाचांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना शिकवायला बसलो नाही. मी विचारायला बसलो. इतके दिवस मी 'पुन्हा पाठवू नका' एवढंच घोकत होतो; ते का पाठवतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

चाचांनी फितीचा तुकडा बोटाला गुंडाळला. "बेटा, साऱ्या उमरीत म्या एक लफ्ज हवेत सोडला नाई. तिकडून कोनी तरी 'पोचलं' म्हनलं, मंग दुसरा. अन् हे मशीन? विहिरीत गोटा टाकला अन् आवाजच नाई आला, असं वाटते मले. कोनाच्या घरी मयत, कोनाची पोरगी अडलेली. ते पोचलं का नाई, मले कसं समजन?"

"इथं फितीवर उमटलं ना, चाचा."

"इथं उमटलं म्हंजे तिथं उमटलं, कायवरून?"

प्रश्न बिनतोड होता. इथली फीत इथल्यापुरतीच साक्ष देते. अकोल्याचं यंत्र बंद पडलं असतं तरी आमच्या फितीवर मजकूर छापतच राहिला असता. नागपूरला मला कुणी हे विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मी चाचांची खोड मोडायला निघालो होतो. ती खोड नव्हतीच. तो जबाबदार माणूस होता आणि यंत्र त्याला पोच देत नव्हतं.

तेव्हा मला नागपूरच्या वर्गात एकदाच दाखवलेली एक कळ आठवली. कोपऱ्यातली. ती दाबली की पलीकडच्या यंत्राला 'तू कोण?' असा प्रश्न जातो, आणि तिकडे माणूस असो वा नसो, ते यंत्र आपणहून आपलं नाव छापून पाठवतं. रोजच्या तारांना ती लागत नसे, म्हणून आम्ही तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. मी चाचांचं बोट धरलं, ते मोर्सचं बोट, आणि त्या कळीवर ठेवलं.

"दाबा."

यंत्र क्षणभर थांबलं. मग आमच्यापैकी कुणाचाही हात लागलेला नसताना कळा खडखडल्या आणि फितीवर उमटलं: अकोला.

चाचा पुढे झुकले. फीत हातात घेऊन उजेडाकडे धरली. "हे कोनी लिवलं?"

"अकोल्यानं."

"बर्वेनं?"

"नाही चाचा. यंत्रानं. बर्वे चहाला गेला असेल."

त्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा अकोला. ते लहान मुलासारखे हसले. मग सुपारी कातरता कातरता आणखी एकदा दाबली. त्या आठवड्यात आमच्याकडून अकोल्याला 'तू कोण' इतक्या वेळा विचारलं गेलं की शेवटी बर्वेनं वैतागून टंकलं, "वाशीमवाल्यांची याददाश्त गेली काय?" पण तारा दोनदा जाणं थांबलं. आधी प्रत्येक तारेनंतर ते विचारायचे, मग गठ्ठ्याच्या शेवटी, मग फक्त सकाळी काम सुरू करताना, दुकान उघडताना शेजाऱ्याला रामराम घालावा तसं.

परीक्षेला अकोल्याहून साहेब आले ते मुळात घाईतच. परतीची एसटी धरायची होती. खुर्ची ओढून चाचांच्या शेजारी बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि नियम सांगितले. समोरचा गठ्ठा वेळेत संपला पाहिजे, चुका मोजल्या जातील, आणि एकही तार दुबार गेली तर तिथंच नापास. मध्ये प्रश्नाची कळ दाबायची नाही, वेळ जातो.

चाचांनी सुरुवात केली. बोटं सावकाश, पण सरळ चालली होती. पहिली तार झाली. यंत्र गप्प. मी खिडकीशी उभा होतो. मला त्यांचा उजवा हात दिसत होता. तो पुन्हा कळांकडे निघाला होता, त्याच तारेसाठी, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात त्यांचा डावा हात पुढे आला आणि त्यानं उजव्याचं मनगट धरलं. चाचा स्वतःशीच पुटपुटले, "पोचलं असन." मग डाव्यानं उजव्याला सोडलं आणि दुसरी तार सुरू झाली.

गठ्ठा संपेपर्यंत हेच चाललं. तार संपायची, डावा हात उजव्याला धरायचा, "पोचलं असन," आणि पुढे. साहेबांना वाटलं म्हातारा काही दुआ पुटपुटतोय. तशी ती दुआच होती म्हणा. न दिसणाऱ्या माणसावर, न ऐकू येणाऱ्या पोचेवर भरवसा ठेवायचा, हे त्या वयात शिकणं सोपं नसतं. वेळ संपता संपता शेवटची तार गेली. साहेबांनी चुका मोजल्या, तोंड वाकडं केलं, आणि पास असा शेरा मारला. जेमतेम पास. पाठकसाहेबांनी ऑफिसच्या खर्चानं भजी मागवली. त्या ऑफिसच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

चाचा भजी न खाता घरी गेले. रेहाना त्या दिवशी शाळेतून लवकर येऊन दारात उभी होती, असं मला त्यांनी नंतर सांगितलं. बापाचा चेहरा लांबूनच बघून ती आत पळाली आणि कोंबड्यांना ओरडून सांगून आली.

मला एक हळहळ आहे, तीही सांगतो. मोर्सची कळ पुढे काढून नेली. तंबाखूचा डबा कुणीतरी फेकून दिला. टेलिप्रिंटरवर सगळ्यांचे हात सारखेच. बर्वेला सर्दी झाली तरी फितीवर अक्षर तसंच स्वच्छ उमटायचं. चाचा कधी कधी कामातून मान वर करून म्हणायचे, "आज कोन बसला असन तिकडं?" आणि उत्तर मिळायची सोय उरली नव्हती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही तार दुबार पाठवली नाही, पण तारेचं काम त्यांना पूर्वीसारखं आवडलंही नाही. ते शिकले, पण शिकताना काहीतरी हातचं सुटलं. नव्याला शिकवणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, असं मला वाटतं.

पुष्कळ वर्षांनी खात्यात तारांसाठी संगणक आले आणि त्यांच्यात युनिक्स होतं. बाकीचे घाबरले, मला काळ्या पडद्यावर जुना सोबती भेटला. युनिक्स बनवणाऱ्यांनी ते मुळी टेलिप्रिंटरवर बसूनच बनवलं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आज्ञा इतक्या आखूड: त्या जड कळा दाबून बोटं दुखायची. म्हणूनच ते काम झाल्यावर गप्प बसतं: उगाच कागद का खर्च करा? आजही लिनक्समध्ये आपण कुठल्या पडद्यावर बसलोय हे विचारायची आज्ञा 'टीटीवाय' आहे, टेलिटाइप या टेलिप्रिंटरच्या अमेरिकी नावावरून. आणि 'मी कोण?' असं विचारायचीही एक आज्ञा आहे. ती दिली की यंत्र तुमचं नाव छापतं. माझ्याकडच्या प्रत्येकाला मी ती पहिल्याच दिवशी शिकवतो. पाठ्यपुस्तकांत ती बरीच मागे असते. असू द्या.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या खोलीच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. पांढरे केस, जाड चष्मा, हातात पिशवी. "भैया, वळखलं का?" आवाजावरून ओळखलं. रेहाना. उर्दू शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. शाळेला देणगीत संगणक मिळाले होते, त्यांत लिनक्स होतं, आणि आताचे शिक्षक त्यांना हात लावायला तयार नव्हते. "मंग म्हनलं, मीच शिकून येतो अन् पोरीइले दाखवतो," ती म्हणाली. बसली ती हजेरी घ्यायला बसावं तशी ताठ.

मी यंत्रात तिच्या नावाचं खातं उघडलं आणि तिला इयत्तेच्या नावानं एक कप्पा, म्हणजे फोल्डर, बनवायला सांगितला. तिनं एकेक अक्षर शोधत आज्ञा टंकली आणि एंटर दाबलं. पडदा गप्प. तिनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत तीच आज्ञा पुन्हा दिली. आता मात्र यंत्र बोललं: या नावाचा कप्पा आधीच आहे.

"पाह्य बाई," ती दचकून म्हणाली, "आता बोललं, तं रागावून बोललं."

"रागावलं नाही. मेडशीच्या घुग्यांसारखं विचारतंय, एक सांगितला होता, दुसरा काहून धाडला?"

तिला ती गोष्ट घरात ऐकून पाठ होती. ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग मी तिला 'मी कोण'ची आज्ञा दिली. तिनं टंकली. यंत्रानं खालच्या ओळीत तिचं नाव छापलं. ती त्या नावाकडे बघत राहिली. "अब्बाले हेच दाखोलं होतं ना तुमी," ती म्हणाली, "कोपऱ्यातली कळ." मी मान हलवली.

तिनं डोळे टिपले, खुर्ची पुढे ओढली आणि पुढच्या इयत्तेचा कप्पा बनवायची आज्ञा दिली. एंटर. पडदा गप्प. तिचा उजवा हात पुन्हा कळांकडे निघाला. मग डावा पुढे आला आणि त्यानं उजव्याचं मनगट धरलं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं, आणि चाचांनीही कधी शिकवलं नसणार.

"पोचलं असन, भैया," रेहाना म्हणाली, आणि पुढची ओळ टंकायला लागली.